मासळीचे खवले आणि गोरेपणाचा दावा

मासळी साफ करताना कोळणी जे खवले बाजूला टाकतात, त्यांत कोलॅजेन हे प्रथिन भरपूर असते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यापासून कोलॅजेन पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे बारीक तुकडे, काढण्याची पद्धत विकसित केली आहे. वाया जाणाऱ्या मालाचे सोने होते, ही चांगलीच गोष्ट. पण अशी सागरी प्रथिने घातलेल्या क्रीमच्या डबीवर ‘रंग उजळतो’ असे छापलेले दिसले, की तो कसा उजळतो हे विचारलेच पाहिजे.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होते टायरोसिनेज या विकरामुळे. या विकराच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू असतात. ते जखडले की विकर थंडावते. बुरशीपासून मिळणारे कोजिक आम्ल हेच करते, आणि सागरी पेप्टाइडांपैकी काहींनीही प्रयोगशाळेत हा गुण दाखवला आहे.

मात्र त्या प्रयोगांत बहुतेक वेळा वापरतात ते अळिंबीचे टायरोसिनेज, कारण ते स्वस्त आणि सहज मिळते. माणसाचे विकर वेगळे आहे. ते पेशीतल्या मेलॅनोसोमच्या, म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या सूक्ष्म पिशवीच्या, पटलात रुतलेले असते. जर्मनीतल्या संशोधकांनी तब्बल 50,000 रसायने थेट मानवी टायरोसिनेजवर तपासली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कोजिक आम्लासारखे नावाजलेले घटकही फिके पडले. अळिंबीवरच्या यशाला किती वजन द्यायचे, ते यावरून ठरवावे.

दुसरी अडचण आकाराची. रेणूचे वजन डाल्टनमध्ये मोजतात; साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाही. अखंड कोलॅजेन सुमारे तीन लाख डाल्टनचे! पाच अमिनो आम्लांचा तुकडासुद्धा या मर्यादेच्या काठावर येतो, आणि मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी तर बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. कोलॅजेन वरच राहते, ओलावा धरते, त्वचा मऊ आणि तुकतुकीत दिसते. हा फायदा खरा आहे. त्याला गोरेपणा म्हणणे ही फसवणूक आहे.

आणि मेलॅनिन हा दोष नव्हेच. उन्हातल्या अतिनील किरणांपासून तेच आपल्याला जपते. सावळ्या मुलींना कमीपणा वाटायला लावून चालणारा हा धंदा मला संतापजनक वाटतो.

माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनी अशी क्रीम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत. चेहऱ्यावर वांग असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, आणि घटकांची यादी नसलेली गोरेपणाची डबी घरात आणू नका. अशा क्रीममध्ये मूत्रपिंडे निकामी करणारा पारा सापडलेला आहे.