अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ऊब

सारख्याच गरम पाण्याने आपण एक वाटी आणि एक कळशी भरून ठेवली, तर वाटीतले पाणी आधी निवते. वस्तू जितकी लहान, तितका आकारमानाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा आणि उष्णता लवकर निघून जाते. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचेही तसेच. त्यातून त्याच्या त्वचेखाली चरबीही बेताचीच असते.

मग त्याला वाचवायला यंत्रेच हवीत का? गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. बाळाला उबदार ठेवणे, आईचे दूध पाजणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. आधी अपुऱ्या दिवसांच्या शंभर बाळांपैकी सुमारे ३३ दगावत. १९९६ ते २००३ या काळात हे प्रमाण सुमारे १० वर आले.

बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवणे म्हणजे 'कांगारू पद्धत'. रुग्णालयांत ती बाळ स्थिरावल्यावर सुरू करीत. जन्मताच सुरू केली तर? दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतील रुग्णालयांनी १ ते १.८ किलो वजनाच्या ३२११ बाळांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. २८ दिवसांत उशिरा ऊब मिळालेल्या गटात १५.७ टक्के, तर लगेच मिळालेल्या गटात १२ टक्के बाळे दगावली. फायदा स्पष्ट दिसताच अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. कारण आता दुसऱ्या गटाला वाट पाहायला लावणे योग्य नव्हते. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने जन्मताच कांगारू पद्धत सुरू करण्याची शिफारस केली.