अंतराळात जाणारी लिफ्ट : सोय किती, धोका किती

गोफण तुमच्यापैकी अनेकांनी फिरवली असेल. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभे राहायचे, गोफणीत खडा घालायचा, ती डोक्याभोवती गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी एक टोक सोडून द्यायचे. गोफण फिरत असते तोवर तिची दोरी कशी ताठ राहते, हे हाताला चांगले कळते. खडा बाहेर पळू पाहतो, हात त्याला ओढून धरतो, आणि या ओढाताणीत दोरी ताणलेली राहते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज जी कल्पना सांगायची आहे, तिचे मर्म या गोफणीतच आहे.

कल्पना अशी, की पृथ्वीपासून थेट अंतराळापर्यंत एक दोर ताणायचा आणि त्यावरून लिफ्टसारखा डबा वर-खाली चालवायचा. ऐकून हसू येते. मी हे वर्गात सांगितले तेव्हा मुलेही हसली. पण मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, वरचं टोक कशाला बांधायचं?" प्रश्न अगदी बरोबर होता.

उत्तर असे आहे. उपग्रह जितका उंच, तितका त्याला पृथ्वीभोवती फिरायला अधिक वेळ लागतो. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर हा वेळ नेमका पृथ्वीच्या एका फेरीइतका होतो. तिथला उपग्रह आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. गावातल्या घरांवरच्या टीव्हीच्या तबकड्या बघा. सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला आणि ती कधी हलवावी लागत नाहीत, ती याच कारणाने.

आता अशा उपग्रहावरून एक दोर खाली सोडायचा आणि तोल राहावा म्हणून दुसरा वर, बाहेरच्या बाजूला सोडायचा. खालच्या दोराला पृथ्वी ओढते; वरचा दोर गोफणीतल्या खड्यासारखा बाहेर पळू पाहतो. दोघांच्या ओढीत दोर ताठ उभा राहतो. वर कशालाही बांधायचे कारणच नाही! टोकाला वजन ठेवले तर एकंदर लांबी सुमारे १ लाख किलोमीटर भरते. वजन आणखी मोठे ठेवले तर थोडी कमी.

ही कल्पना आजची नाही. आयफेल मनोरा पाहून रशियातले शाळामास्तर कॉन्स्तान्तिन त्सिओलकोव्हस्की यांनी १८९५ साली अंतराळापर्यंत जाणाऱ्या मनोऱ्याचा विचार मांडला. मनोरा खालून बांधण्याऐवजी दोर वरून सोडावा, ही युक्ती युरी आर्त्सुतानोव्ह या रशियन इंजिनियराने १९६० साली सुचवली. १९७५ साली अमेरिकेत जेरोम पिअर्सन यांनी स्वतंत्रपणे त्याचे गणित मांडले. पुढे श्रीलंकेत राहणारे लेखक आर्थर क्लार्क यांनी १९७९ साली त्यावर कादंबरी लिहिली, तेव्हा ही गोष्ट सामान्य वाचकांपर्यंत पोचली.

पण रॉकेट असताना हा खटाटोप कशाला? लांबच्या बाजाराला बैलगाडी न्यायची आहे आणि वाटेत कुठे वैरण मिळत नाही, असे समजा. मग बैलांची वैरण गाडीतच भरावी लागते. वैरणीचे ओझे वाढले की बैल वाढवावे लागतात आणि बैल वाढले की पुन्हा वैरण वाढते. शेवटी गाडी कडब्याने भरते, धान्याला जागा उरते मूठभर. रॉकेटचे असेच आहे. १४ जुलै २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ ज्या रॉकेटने उडाले, त्याचे वजन ६४० टन होते आणि यानाचे जेमतेम ३.९ टन. बाकीचे बहुतेक वजन इंधनाचेच.

लिफ्टला ही वैरण बरोबर न्यावी लागत नाही. तिला खालून प्रकाशाच्या झोतातून किंवा सूर्याच्या उन्हातून वीज देता येईल. हिशेब केला तर एक किलो वजन ३६ हजार किलोमीटर उंचीवर चढवायला, वाटेत काही वाया गेले नाही तर, साधारण साडेतेरा युनिट वीज पुरते. हा पहिला फायदा. दुसरा असा, की रॉकेटचा भडका आणि हादरा नसल्याने नाजूक यंत्रेही सुखरूप जातील. तिसरा फायदा पुन्हा गोफणीचा. दोराच्या वरच्या टोकाशी यान नेऊन नुसते सोडले, तरी ते पृथ्वीची ओढ तोडून मंगळाच्या वाटेला लागू शकेल.

आता दुसरी बाजू. पहिली अडचण दोराचीच. खोल विहिरीत दोर सोडला, की बादली नसली तरी दोराचेच ओझे हाताला लागते. पोलादाची चांगली तार अशी टांगली, तर पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आतबाहेर ती स्वतःच्या वजनाने तुटेल. आपल्या दोराला हवी असलेली ताकद याच मापाने सुमारे ५ हजार किलोमीटरांची आहे. मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळता केला तर कमी ताकदीत भागते, पण पोलादाने मुळीच नाही. १९९१ साली जपानच्या सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा आशा वाढली. या नळ्या विलक्षण बळकट असतात. मात्र २०१३ साली चीनमध्ये वाढवलेली अशी एक लांब नळी होती अर्ध्या मीटरच्या आसपास. कुठे अर्धा मीटर आणि कुठे लाख किलोमीटर!

दुसरी अडचण धडकेची. पृथ्वीभोवती फिरणारा जवळजवळ प्रत्येक उपग्रह, चालू असो वा निकामी, दर फेरीत दोन वेळा विषुववृत्त ओलांडतो आणि दोर तर विषुववृत्तावरच उभा. आज ना उद्या कुठला तरी तुकडा त्यावर आदळणारच. दोर वरच्या अंगाला तुटला, तर हजारो किलोमीटरांचा खालचा भाग पूर्वेकडे पसरत पृथ्वीवर कोसळेल.

तिसरी वेगाची. ताशी २०० किलोमीटरने गेले तरी ३६ हजार किलोमीटरांना साडेसात दिवस लागतात. वाटेत पृथ्वीभोवतीचे घातक किरणांचे पट्टे आहेत. चंद्रावर जाणारे अंतराळवीर ते काही तासांत पार करून गेले; लिफ्टमधल्या माणसाला त्यात दिवसच्या दिवस काढावे लागतील.

चौथी सहसा कोणी सांगत नाही. ४०० किलोमीटर उंचीवर लिफ्ट थांबवून बाहेर पाऊल टाकले, तर माणूस तरंगणार नाही, सरळ खाली पडेल. तिथले अंतराळ स्थानक टिकते ते सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगामुळे. हा आडवा वेग इतक्या खाली लिफ्ट देत नाही. म्हणजे जवळच्या कामाला रॉकेट लागणारच. आणि रॉकेटही आता स्वस्त होत चालले आहे. २०१५ साली उपग्रह सोडून रॉकेटचा खालचा टप्पा परत जमिनीवर उभा उतरवला गेला, आणि २०१७ पासून असे टप्पे पुन्हा उडू लागले.

शेवटचा प्रश्न यंत्राचा नाही, मालकीचा आहे. दोराचे खालचे टोक विषुववृत्तावर किंवा त्याच्या जवळपास असावे लागते. १९७६ साली बोगोटा येथे आठ विषुववृत्तीय देशांनी आपल्या डोक्यावरच्या, ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या जागेवर हक्क सांगितला होता. १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार मात्र अंतराळ कोणाच्याच मालकीचे नाही असे म्हणतो. रस्ता सर्वांचा, पण नाका एकाचा, अशी ही गत व्हायची. पहिला दोर ज्याच्या हाती, तोच कोणी वर जायचे नि कोणी नाही हे ठरवील. विहीर गावाची असली तरी रहाट कोणाच्या ताब्यात, यावर कोणाला पाणी मिळते हे ठरते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मग लिफ्ट बांधावी काय? जपानच्या ओबायाशी कंपनीने २०१२ साली, २०५० पर्यंत ती उभारण्याचा संकल्प जाहीर केला. माझे मत विचाराल तर दोर पिळण्याआधी तीन गोष्टी साधायला हव्यात : पुरेसा बळकट धागा, स्वच्छ केलेले अंतराळ आणि सर्व देशांना मान्य असा करार. पहिल्या गोष्टीवर प्रयोगशाळांत काम चालू आहे. उरलेल्या दोन्हींना प्रयोगशाळा पुरत नाही.

गुरुजींनी हा धडा वर्गात करून पाहावा. तेरा सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घ्यावा आणि त्याला एक मीटर सुतळी लावावी. हजार किलोमीटरांना एक सेंटिमीटर, हे प्रमाण. अंतराळ स्थानक चेंडूपासून चार मिलिमीटरांवर येईल, थांबलेला उपग्रह छत्तीस सेंटिमीटरांवर. मग सुतळी मुलांच्या हाती द्यावी आणि विचारावे, हिचे टोक कोणी धरायचे? मुले काय उत्तर देतात, ते मात्र मन लावून ऐकावे. हा दोर कधी उभा राहिलाच, तर त्याचे टोक त्यांच्याच पिढीला धरायचे आहे.