दंगलीनंतर मोहल्ला पुन्हा जोडायचा कसा? भिवंडीचा धडा

भांडण थांबलं म्हणजे सुलह झाली, असं आपण समजतो. तसं नसतं. भीती आणि संशय मनात राहतोच. तो रोजच्या भेटीगाठीतूनच जातो.

भिवंडीने हे दाखवून दिलं. यंत्रमागांच्या या शहरात 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. माणसं गेली, घरं-माग जळाले. 1988 मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. कमिटीत त्याच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान, दोघेही. त्यातही पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं जास्त. बैठक दंगल झाल्यावर नाही, तर शांततेच्या दिवसांत नियमित व्हायची. शेजाऱ्यांची भांडणं, वस्तीच्या अडचणी तिथेच बोलल्या जायच्या. त्यामुळे माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या असतीलच. पण खरं-खोटं विचारायला ओळखीचं दार होतं. पुढे मुंबईतही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या.

आफ्रिकेतल्या रवांडात 1994 मध्ये सुमारे शंभर दिवसांत लाखो लोक मारले गेले. तिथेही आज दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी लोक मिळून रस्ते, गटारं साफ करतात आणि मग गावाच्या प्रश्नांवर बसतात.

आपल्या लोट्यात, अल्हम्दुलिल्लाह, अशी वेळ आलेली नाही. पण मोबाईलवरची एक अफवा पुरेशी असते. म्हणून तयारी आजच हवी. एमआयडीसीत आपण एकाच शिफ्टला काम करतो, मुलं एकाच बाकावर बसतात. दाभोळ खाडीच्या प्रदूषणाची झळ भोई, खारवी आणि मुसलमान मच्छीमार, सगळ्यांनाच बसते. मग ग्रामसभेत आपण वेगवेगळे कोपरे का धरतो? की जातच नाही?

कायद्याने वर्षात किमान चार ग्रामसभा होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. घरातल्या बायकांनाही तिथे पाठवू या. पाणी, रस्ता, कचरा हे विषय शेजाऱ्यांसोबत मिळून मांडू या.

सूरह हुजुरातमध्ये खबरीची खातरजमा करण्याचा आणि सुलह घडवण्याचा हुकूम आहे. खातरजमा करायला मात्र पलीकडच्या आळीत ओळखीचं माणूस लागतं. ती ओळख आजच करू या.