गिझरची गळती : आधी जागा शोधा

विहिरीच्या अथवा बोअरच्या क्षारयुक्त पाण्यामुळे गिझर लवकर गळू लागतो. गळक्या गिझरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. गिझर थंड झाल्यावर बाहेरून कोरडा पुसावा आणि ओल प्रथम कोठे दिसते ते पाहावे.

जोडणीच्या आट्यांतून थेंब येत असल्यास पाण्याचा कॉक बंद करून जोडणी सोडवावी व टेफ्लॉन टेप गुंडाळून पुन्हा आवळावी. कॉइलच्या चकतीजवळ ओल असल्यास रबरी वायसर बदलावा लागतो. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्यावे. त्याच वेळी कॉइलवरील क्षारांचा थर काढावा, झिजलेला मॅग्नेशियमचा दांडा बदलावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडे पाणी ठिबकणे हा मात्र दोष नव्हे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की प्रसरण पावून सुमारे पाव लिटरने वाढते. काही जण हे तोंड लाकडी खुंटीने बंद करतात. असे कदापि करू नये, टाकी फुटून जिवावर बेतते. गिझर थंड असतानाही ठिबकत राहिल्यास व्हॉल्व्ह बदलावा.

आतील टाकीच गंजून भोक पडले असल्यास डागडुजीवर खर्च न करता नवा गिझर घ्यावा.