संगणक नवा, तपासणी यंत्र जुने

भंडारा, तुमसर किंवा साकोलीसारख्या ठिकाणच्या लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ततपासणीचे यंत्र अनेक वर्षे वापरले जाते. त्याला जोडलेला संगणक त्याआधीच बिघडू शकतो. नवा संगणक आणला, की खरी अडचण सुरू होते. यंत्राचे सॉफ्टवेअर जुन्या ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेले असते आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. विंडोज १० चा नियमित सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

हा बिटांचा फरक काय आहे? ३२ बिटच्या पत्त्याने साधारण ४ जीबी मेमरीपर्यंतच पोहोचता येते. एएमडीने २००३ मध्ये आणलेल्या ६४ बिट प्रोसेसरने ही मर्यादा ओलांडली आणि जुने प्रोग्रामही चालू ठेवले. त्यामुळे ३२ बिटचे बरेच प्रोग्राम आजही ६४ बिट विंडोजवर चालतात. मात्र यंत्र आणि संगणक यांची गाठ घालून देणारा ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो. कंपनीने तो काढला नसेल, तर यंत्र जोडूनही संगणकाला ओळखता येत नाही.

मग जुनी विंडोजच नव्या संगणकावर टाकली तर? अनेक नव्या संगणकांवर ३२ बिट सिस्टीम सुरूच होत नाही. झालीच, तरी वायफाय किंवा यूएसबीचे ड्रायव्हर मिळत नाहीत. एक मार्ग म्हणजे नव्या सिस्टीमच्या आत ‘आभासी संगणक’ तयार करून त्यात जुनी सिस्टीम चालवणे.

पण स्क्रीनवर खिडकी उघडली म्हणजे काम झाले असे नाही. ज्यांचे आकडे आधीच माहीत आहेत असे कंट्रोल नमुने तपासावेत. यंत्रावरचा आकडा आणि छापील रिपोर्ट ताडून पाहावा. दशांश चिन्ह, एकक, तारीख आणि रुग्णाचे नाव जागेवर आहे ना, तेही बघावे. मध्येच वीज गेल्यावर नोंदी टिकतात का, हेही तपासावे. समाधान होईपर्यंत जुन्या डिस्कची प्रत जपून ठेवावी.

जुनी सिस्टीम इंटरनेटपासून दूरच बरी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुरक्षा अपडेट न केलेले संगणक गाठले आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत झाले.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या उपचारात हिमोग्लोबिनचा आकडा महत्त्वाचा असतो. संगणक बदलताना तो आकडा बदलू नये, यासाठी ही चाचणी.