जिनांच्या दरबारात बैलाची फिर्याद

मुंबईत १८८७ ते १८८९ या काळात एक अरबी ग्रंथ चार खंडांत छापला गेला. बसऱ्याच्या ‘इख्वान अस-सफा’ या दहाव्या शतकातील विद्वानमंडळाचे लेखन त्यात आहे. त्यातल्या एका प्रकरणात जनावरांनी माणसावर खटला भरला आहे.

न्यायाधीश जिनांचा राजा. माणसे म्हणतात, प्राणी आमचे गुलाम. मग गाढव, मेंढा, उंट, हत्ती आपापले हाल सांगतात. डोळ्यांना झापड बांधून रहाटाला जुंपलेल्या, वर मार खाणाऱ्या बैलाची कैफियतही त्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या कापूसपट्ट्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणाऱ्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

बुद्धी, कला, राज्यकारभार हे माणसाचे सगळे दाखले प्राणी खोडून काढतात. अखेर माणूस परलोकाचा आधार घेतो. मग नरकही तुमच्याच वाट्याला, असे उत्तर येते. निकाल माणसाच्या बाजूने लागतो, पण त्याच्यातल्या संतसत्पुरुषांच्या पुण्याईवर.

प्राण्यांना मेल्यावर काहीच नाही का? यावर इस्लामी विचारवंतांत एकमत नाही. कुराणाच्या सहाव्या सूरेत पशुपक्ष्यांना माणसासारखेच समाज म्हटले आहे आणि तेही आपल्या पालनकर्त्यापुढे गोळा होतील, असे सांगितले आहे. ‘सहीह मुस्लिम’मधील हदीसनुसार कयामतच्या दिवशी बिनशिंगी मेंढीला शिंगवालीकडून न्याय मिळेल. त्यानंतर जनावरांची माती होईल, असे एक परंपरा सांगते. मुअतझिला पंथाचे पंडित मात्र म्हणत, निष्पाप जिवाला झालेल्या वेदनेची भरपाई ईश्वर केल्यावाचून राहणार नाही.

तत्त्वज्ञांनी प्राण्याच्या मनाचाही शोध घेतला. लांडगा दिसताच मेंढी पळते. त्याचे वैर डोळ्यांना दिसत नाही, तरी तिला कळते. या जाणिवेला इब्न सीनाने ‘वहम’ ही वेगळी शक्ती मानले. सतराव्या शतकात शिराझच्या मुल्ला सद्रा यांनी पुढचे पाऊल टाकले: ज्या प्राण्यांत कल्पनाशक्ती आहे, त्यांचा आत्मा देहाबरोबर संपत नाही.

मते वेगळी असली, तरी जनावराचे दुःख खरे आहे आणि त्याचा जाब माणसाला द्यावा लागेल, हा धागा पक्का आहे.

आपला कायदाही तो मानतो. १९६५च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाचे जनावर दिवसाला ९ तासांहून अधिक राबवता येत नाही आणि तापमान ३७ अंशांच्या वर जाते तिथे दुपारी १२ ते ३ त्याला गाडीला जुंपता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. निदान ते तीन तास तरी बैल सावलीत, पाण्याजवळ बांधावेत.