साखरेची गोळी, थायरॉईडचा आकडा

सुकापुरात सकाळी सात वाजता माथेरान रस्त्याच्या कडेकडेने लॅबची पोरं दुचाकीवरून फिरत असतात, उपाशीपोटीचं रक्त गोळा करत. एकाच सुईतून तीन नळ्या भरतात. राखाडी टोपणाची साखरेसाठी, जांभळ्या टोपणाची एचबीए१सीसाठी, पिवळ्या टोपणाची थायरॉईडसाठी. टोपणं वेगळी, रिपोर्टची पानं वेगळी, पुष्कळ घरांत डॉक्टरही वेगळे. मग शुगर ही एक भानगड आणि थायरॉईड ही दुसरी, असंच आपण धरून चालतो. पण राखाडी नळीतली साखर उतरावी म्हणून घेतलेली गोळी पिवळ्या नळीतला आकडा हलवते, आणि तोही थायरॉईड ग्रंथीला धक्का न लावता!

पन्नाशीची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. थायरॉईड मंदावलेलं, म्हणून रोज पहाटे लेव्होथायरॉक्सिनची इवलीशी गोळी. टीएसएच कित्येक वर्षं तीनच्या आसपास. मग मधुमेह निघतो, मेटफॉर्मिन सुरू होतं. पाचेक महिन्यांनी टीएसएच येतो ०.३, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्याही खाली. कागद म्हणतो, थायरॉईडचं औषध जास्त होतंय. बाईला मात्र ना धडधड, ना हातांना कंप, ना वजनात घट. खुद्द थायरॉईडचं संप्रेरक, म्हणजे फ्री टी४, जिथल्या तिथे.

टीएसएच थायरॉईडमधून येतच नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. पिट्युटरी हा मुकादम. रक्तात संप्रेरक कमी पडलं की तो ओरडतो, पुरेसं झालं की आवाज उतरवतो. रिपोर्टवर आपण वाचतो तो त्याच्या ओरडण्याचा आवाज. हा मुकादम भलताच तापट आहे. टी४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुपटीवर थांबत नाही, शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. म्हणून तर थायरॉईडचा बारीकसा बिघाडही या चाचणीत सापडतो. मेटफॉर्मिन घेतल्यावर काम तेवढंच चालू राहतं, फक्त मुकादमाचा आवाज बसतो.

अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २००६ साली अशा अवघ्या चार रुग्णांची हकिगत छापली. मेटफॉर्मिन तोवर जवळपास अर्धशतक वापरात होतं. पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी १९५७ मध्येच ते मधुमेहींना देऊन पाहिलं होतं. एवढ्या वर्षांत कोट्यवधी लोकांनी गिळलेल्या गोळीचा हा गुण चार माणसांच्या रिपोर्टमधून पुढे यावा, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या हजारो रुग्णांच्या नोंदी चाळल्या. थायरॉईडचे उपचार घेणाऱ्यांमध्ये, सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिनवाल्यांचा टीएसएच मर्यादेखाली जाण्याचा धोका ५५ टक्क्यांनी जास्त निघाला. ज्यांचं थायरॉईड ठणठणीत होतं, त्यांच्यात मात्र काहीच फरक नाही.

म्हणजे गोळी एकच, पण मुकादम आधीच ओरडून दमलेला असेल तरच ती त्याचा आवाज उतरवते. हे का, याचं एकमताचं उत्तर अजून नाही. मेटफॉर्मिन मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथल्या ऊर्जेचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतं, असा एक तर्क. डोपामिनचा प्रभाव वाढतो, असा दुसरा.

सल्फोनिलयुरियाचा उल्लेख आलाच आहे, तर त्या घराण्याची कुळकथाही सांगायला हवी. १९४१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या आतड्यांतले जंतू मारायला सल्फाग्वानिडिन हे सल्फा औषध दिलं, तर उंदरांच्या थायरॉईड ग्रंथी फुगल्या. औषधाने संप्रेरक बनवणंच रोखलं होतं. त्या धाग्यावरून उत्तेजित थायरॉईडला लगाम घालणारी औषधं निघाली. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळणारी निओमर्काझोल त्याच परंपरेतली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये माँपेलिए इथे विषमज्वरावर दुसरं एक सल्फा औषध दिलं जात होतं आणि रुग्णांची साखर धोकादायकरीत्या कोसळत होती. त्या अपघातातून मधुमेहावरच्या या घराण्याच्या पहिल्या गोळ्या आल्या. आजचं ग्लिमेपिराइड ही त्यांचीच पुढची पिढी. एकाच घराण्याच्या दोन शाखा, एक थायरॉईडकडे गेली, एक स्वादुपिंडाकडे. सुरुवातीच्या साखरेच्या गोळ्यांत थायरॉईड अडवण्याचा जुना गुण थोडाफार उरला होता. आताच्या गोळ्यांबाबत ती काळजी नको.

टीएसएच मोजण्याची विद्यासुद्धा मधुमेहाच्या पोटी जन्मली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन हे दोघे किरणोत्सारी आयोडीन वापरून थायरॉईडचा अभ्यास करत होते. तेच आयोडीन त्यांनी इन्सुलिनला चिकटवलं. इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्या मधुमेहींच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळतं, कारण शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात, असं त्यांना दिसलं. विज्ञानपत्रिकेला हे पटेना. शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ शब्द काढायला लावूनच तिने लेख छापला. त्याच प्रतिपिंडांचा वजनकाट्यासारखा उपयोग करून दोघांनी रेडिओइम्युनोअसे बसवली. रक्तातलं अतिसूक्ष्म संप्रेरक मोजता येऊ लागलं, आधी इन्सुलिन, मग टीएसएच. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं; बर्सन तोवर गेले होते.

ही विद्या सुकापूरपासून फार लांब राहिली नाही. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि थायरॉईड हा तिथला खास विषय. तिथेच काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी पुढे थायरोकेअर काढली. तिची मोठी प्रयोगशाळा नवी मुंबईत तुर्भ्याला. आता मोजणी बहुतेक ठिकाणी किरणोत्सारी आयोडीनऐवजी प्रकाश देणाऱ्या रसायनांवर चालते, पण युक्ती ब्राँक्सचीच.

सध्या चर्चा आहे ती साखर उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या घराण्याची. या औषधांनी उंदरांच्या थायरॉईडमध्ये गाठी झाल्या आणि लोक धास्तावले. त्या गाठी टी४ बनवणाऱ्या पेशींच्या नव्हेत, कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी-पेशींच्या. उंदरांच्या सी-पेशींवर या औषधाला दाद देणारे ग्राही भरपूर, माणसात फार थोडे. तरी घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईडचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध देत नाहीत, आणि तसा इतिहास डॉक्टरांना आपणहून सांगावा.

रोजच्या व्यवहारात खरी पंचाईत होते ती पहाटेची. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यायचं, चहाआधी निदान अर्धा तास. सेमाग्लुटाइडची गोळीही उपाशीपोटीच, अर्ध्या कपाएवढ्या पाण्याबरोबर, आणि पुढे अर्धा तास खाणं नाही, दुसरं औषधही नाही. दोघींनाही पहिला मान हवा! शिवाय सेमाग्लुटाइडमुळे जठर सावकाश रिकामं होतं. एका चाचणीत दोन्ही बरोबर दिल्यावर शरीराला मिळालेलं टी४ ३३ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे इथे टीएसएच उतरला तर तो मेटफॉर्मिनसारखा नुसता आवाजाचा मामला नसेल, खरोखरच औषध जास्त पोचत असेल. दोन्हींतला फरक फ्री टी४वरून कळतो, म्हणून नवी साखरेची गोळी सुरू झाली की थायरॉईडच्या डॉक्टरांना तिचं नाव सांगायचं आणि आपल्या मनाने कुठलीच गोळी कमी करायची नाही. तपासणीची घाईही नको. रक्तातलं टी४ निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, मुकादमाला नव्या हिशेबाची सवय व्हायला त्याहून जास्त. सहा ते आठ आठवड्यांनी रक्त द्यावं.